कोंगगुक्सूत गूळ

डोळ्यांत थेंब टाकले की दोन-तीन तास सगळं धूसर दिसतं, हे आईला डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं, आणि तरी बाहेर आल्यावर तिने मला विचारलंच की पणजीत एवढं धुकं कधीपासून पडायला लागलं. जुलैचा पाऊस होता, गुरुवार होता, दुपारचे दीड वाजलेले. डिचोलीहून सकाळी सातला निघालेली बाई, पोटात फक्त चहा आणि दोन बिस्किटं. गुरुवारी ती मासळी खात नाही, आणि खाणारी असती तरी एकतीस जुलैपर्यंत ट्रॉलरबंदी, म्हणजे बर्फातलं काहीतरी शिळंपाकं खायचं. मी म्हटलं उडप्याकडे जाऊ. माझी मुलगी म्हणाली, नाही, आजीला मी नेणार तिकडे जायचं.

"तिकडे" म्हणजे कोरियन नूडल्सचं हॉटेल. सांत इनेजच्या बाजूला, आत गल्लीत, बाहेरून बघितलं तर झेरॉक्सचं दुकान वाटेल असं. मुंबई-पुण्याचे लोक हसतील, पणजीला कसलं मोठं शहर म्हणता म्हणून. हसा. पण डिचोलीच्या माणसाला पार्किंगसाठी तीन चकरा मारून शेवटी एक किलोमीटर लांब गाडी लावावी लागली की ते शहरच.

आत सहा टेबलं. काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या. मुलीने बसल्या बसल्या टेबलाच्या खालून एक ड्रॉवर ओढला, त्यात चमचे, स्टीलच्या काड्या आणि पेपर नॅपकिन. आईला त्या ड्रॉवरचं फार कौतुक वाटलं. तिने तो दोनदा उघडून बंद केला, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून हाताने चाचपून बघितलं, आणि म्हणाली, "बरा केलां. टेबल पुसताना चमचे खंय ठेवचे ता कळणा नाय." तिच्या बोलण्याबद्दल एवढंच सांगतो, माहेर बांद्याजवळचं, लग्न होऊन डिचोलीत येऊन चोपन्न वर्षं झाली पण मालवणी सुटली नाही. आमच्या घरात लिहिणं-वाचणं मराठी, बाजारात कोकणी, आणि आई रागावली की मालवणी.

वाढणारा मुलगा मणिपूरचा निघाला. त्याच्याशी मुलगीच जास्त बोलत होती कारण दोघांच्या कोरियन सिरियली सेम. त्याने सांगितलं की त्याच्या आधीच्या पिढीपासूनच त्यांच्याकडे हे वेड आहे. २००० साली तिथल्या एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातली, थेटरं ओस पडली, आणि त्या रिकाम्या जागेत केबलवरचं कोरियन चॅनल शिरलं. म्हणजे पणजीत एक मणिपुरी पोरगा मोडकंतोडकं कोरियन बोलतो त्याच्या मुळाशी हिंदी सिनेमाची बंदी. मला हे ऐकून गंमत वाटली, त्याला अजिबात नाही, त्याला ते रोजचंच.

ऑर्डर मुलीने दिली. तिला लाल तिखट काहीतरी. मला कालगुक्सू. काल म्हणजे सुरी, गुक्सू म्हणजे नूडल, गव्हाचं पीठ लाटून, घडी घालून, सुरीने कापलेल्या पट्ट्या. आणि आईला, गुरुवार असल्यामुळे, कोंगगुक्सू. कोंग म्हणजे सोयाबीन. सोयाबीन भिजवून, शिजवून, वाटून त्याचं गार दूध, त्यात गव्हाच्या नूडल्स. हा त्यांचा उन्हाळ्यातला पदार्थ, आणि तिकडे जुलैत उन्हाळा असतो. भर पावसात म्हातारीला गार दूध-शेवया, म्हटलं आता सर्दी होणार आणि मोठ्या सुनेकडून मला ऐकून घ्यावं लागणार.

आधी छोट्या वाट्या आल्या. किमची, मुळ्याचं काहीतरी, मोड आलेलं कडधान्य. आई घाबरली, "ह्यां आपण मागवूक नाय." मुलीने समजावलं की हे फुकट असतं, संपलं की परत देतात. आईने किमचीचा वास घेतला आणि निर्णय दिला, आंबलंय. मग मुलीने त्यांच्या किमजांगबद्दल सांगितलं, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटाला, थंडी पडायच्या आधी, घरच्या आणि शेजारच्या बायका मिळून कोबीचे ढीग मिठात घालतात, मसाला चोळतात, वर्षाची बेगमी करतात, २०१३ मध्ये युनेस्कोने त्याची यादीत नोंद केली वगैरे.

आईला युनेस्को कळलं नाही पण बेगमी बरोबर कळली. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. आमसुलं, मिठातल्या कैऱ्या, खारातले गरे, सुकी सुंगटं, गालमो, सुके बांगडे, मिरच्या, चिंचेचे गोळे. गोव्यात ह्याला पुरुमेंत म्हणतात, पोर्तुगीज शब्द, मे महिन्यात मडगावला त्याची फेस्तच भरते. त्यांची थंडीची, आमची पावसाची. फरक एवढाच की ते अजून जमून करतात म्हणे आणि आमच्याकडे गेली आठ-दहा वर्षं मी सुपरमार्केटमधून कोकमाचं पाकीट आणतो.

मिरचीवरून एक आडवळण घेतो, राहवत नाही. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली हे आपण शाळेपासून ऐकतो. तेच पोर्तुगीज गोव्यातून जहाजं भरून मलाक्का, मकाव करत जपानच्या नागासाकीला जायचे, १५७१ पासून तर तिथे त्यांचं नियमित बंदर होतं. आणि १६१४ च्या एका कोरियन ग्रंथात मिरचीला चक्क "जपानी मोहरी" म्हटलंय, म्हणजे ती जपानकडून आली असा तिकडच्या लोकांचा समज. कुठली मिरची कुठल्या जहाजातून कुठे उतरली हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, आणि विद्वान लोक अजून भांडतायत. पण किमचीचा तो लाल तुकडा तोंडात घालताना मला मात्र मांडवीच्या तोंडाशी नांगर टाकून उभं असलेलं गलबत दिसत होतं, आणि ते दिसायला माझी हरकत नाही.

मग वाडगे आले.

माझ्या कालगुक्सूत वरती तिसऱ्यांचे शिंपले. जुलैत ताज्या कुठल्या, फ्रोझनच असणार, पण वाफ तोंडावर आली आणि डोकं थेट खाडीवर गेलं. आपण एकशिपी करतो तेव्हा एक शिंपली टाकून देतो, मास असलेली तेवढी ठेवतो. हे लोक दोन्ही ठेवतात, आणि रिकाम्या शिंपल्या टाकायला वेगळा वाडगा देतात. मला आमची पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. पण त्या सुपाला मीठ-मिरची-खोबरं-तिरफळ कशाचाच आधार नव्हता, नुसतं शिंपल्यांचं पाणी, आणि तरी ते पुरत होतं. नूडल्स जाड-बारीक, कुठे कडेला जास्त रुंद, हाताने कापल्यासारख्या. एक पट्टी तर दुसरीला अर्धी चिकटलेली, कापताना सुरी खालपर्यंत गेली नसणार. मला तीच सगळ्यात आवडली.

शेजारच्या टेबलावर दोन कोरियन माणसं होती, पन्नाशीची, कुठल्यातरी कामावर आलेली असावीत, गळ्यात ओळखपत्रं. एकाने वाडगा उचलून कढत सूप घोटभर प्यायलं, आणि मोठ्याने "शिवॉनहादा" असं काहीतरी म्हणाला. मुलगी हसली. त्याचा अर्थ म्हणे "गार वाटलं". कढत सूप पिऊन गार कसं वाटेल, मी म्हटलं. आणि मग माझं मलाच आठवलं की उकडत्या पेजेचा घोट घेऊन आमचे बाबा म्हणायचे, जीव निवला. निवणं म्हणजे काय, गार होणंच की. इतकी वर्षं हा शब्द वापरतोय आणि त्यातला गारवा कधी जाणवलाच नाही.

त्याच माणसाने मग आतल्या दिशेला हाक मारली, "इमो!" आणि स्वयंपाकघरातून एक बाई बाहेर आली, केस टोपीत, हातात पिठाचे पांढरे डाग. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. साध्या खाणावळीत वाढणाऱ्या बाईला तिकडे मावशीच म्हणतात. आई म्हणाली, मग काय म्हणतले, मॅडम?

आता आईचा वाडगा. मी आधी तिच्याकडे बघितलंच नव्हतं, माझ्या शिंपल्यांत गुंतलो होतो. बघतो तर ती वाडग्यावर वाकून बसलेली. थेंबांमुळे तिला कडा दिसत नव्हत्या, वरची काकडीची किस दिसत नव्हती, तीळ दिसत नव्हते. तिला दिसत होतं ते एवढंच, पांढरा रस, त्यात पांढऱ्या शेवयांचा गुंडाळा.

"ह्ये शिरवाळे हंय खंयसून इले?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया, नारळाच्या गोड रसात. तांदूळ धुवून, वाळवून, दळून आणायचे. पाण्याला आधण आणून त्यात मीठ आणि पीठ, झाकण, वाफ, मग हाताला चटके बसेपर्यंत मळायचं. त्याचे मुठीएवढे मुटके करायचे आणि ते मुटके परत उकळत्या पाण्यात शिजवायचे. शिजले की एकेक बाहेर काढून लगेच, म्हणजे लगेच, शेवग्यात घालून दाबायचा. शेवगा म्हणजे लाकडी दाब. आमचा फणसाच्या लाकडाचा होता, पायांवर उभा, मध्ये भोक, भोकात पितळेची जाळी, वरून हातभर लांब दांडा. मुटका जरा निवला की संपलं, दगड, मग बैल आणून दाबलात तरी शेवई उतरायची नाही. म्हणून एक माणूस दांड्यावर आणि एक खाली, केळीचं पान फिरवत शेवया झेलायला. आमच्याकडे दांड्यावर बाबा, खाली आई, आणि दांड्याला लोंबकळायला मी. माझं वजन काही नव्हतं, पण लोंबकळायचा मान माझा.

रस वेगळा. नारळाचं घट्ट दूध, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. शेवया गरम, रस गार.

आईने काड्या बाजूला ठेवल्या, हात धुतलेलाच होता, पाच बोटांनी एक घास उचलला आणि खाल्ला. मुलीने इकडेतिकडे बघितलं, कोणी बघत नव्हतं. आई दोन क्षण थांबली आणि तिचा चेहरा पडला.

"रस अळणी आसा. गूळ घालूक इसारले."

मुलगी समजावू लागली की आजी हे गोड नसतंच, हे बघ वाटीत मीठ दिलंय, मीठ घालून खातात. आईला ते पटणं शक्यच नव्हतं. तिने मणिपुरी पोराला बोलावलं, "बाबू, गूळ आसा?" त्याला गूळ कळलं, आत गेला, आणि आतून ती इमो स्वतःच बाहेर आली. मला वाटलं आता ही रागावणार, तिच्या पदार्थात गूळ मागितला म्हणून. ती हसत होती. हातात साखरेची बरणी. पोराने भाषांतर केलं, गूळ नाही, पण साखर घाला, आमच्या आईकडे साखरच घालतात.

नंतर मुलीने फोनवर शोधून दाखवलं, कोरियात हा मोठा वाद आहे. सोलच्या बाजूला कोंगगुक्सूत मीठ, खाली नैर्ऋत्येला जॉल्ला प्रांतात साखर, आणि दोघांनाही दुसऱ्याचं खाणं म्हणजे वेडेपणा वाटतो. आमटीत गूळ घालायचा की नाही यावरून आपल्याकडे जे चालतं तेच. इमोची आई त्या साखरवाल्या बाजूची.

आईने तीन चमचे साखर घातली, बोटाने ढवळलं, खाल्लं. "चालता," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "वेलची व्हयी होती." इमो तिच्या शेजारी उभीच होती. दोघी एकमेकींना एक अक्षर कळत नसताना वाडग्याकडे बघून माना हलवत होत्या.

मुलीने विषय काढला की कोरियात "नूडल्स कधी खायला घालतेस?" असं विचारलं की त्याचा अर्थ लग्न कधी करतेस. लग्नात नूडल्स वाढायची रीत, लांब नूडल म्हणजे लांब आयुष्य. आपण लाडू कधी देणार विचारतो तसंच. हे सांगून तिने पायावर धोंडा मारून घेतला. आई घास तोंडात असतानाच म्हणाली, "मगे तू कधी घालतलस गो?"

त्या रात्री मला झोप आली नाही, कदाचित किमचीमुळे. फोनवर वाचत पडलो. माझी समजूत होती की कोरियन लोक पूर्वापार नूडल्सच खातात. तसं नाहीये. गहू तिकडे फार पिकत नव्हता, म्हणून तर गव्हाच्या नूडल्स लग्नाकार्यालाच. १९५० ते ५३ चं युद्ध झालं, देश उपाशी, आणि अमेरिकेचा गहू आला. पीएल-४८०, म्हणजे अमेरिकेची धान्यमदतीची योजना. हे नाव वाचून मी उठून बसलो. ह्याच योजनेतला गहू आपल्याकडेही आला होता, जुन्या माणसांच्या तोंडी रेशनच्या रांगांच्या गोष्टींत हे नाव अजून येतं. आपल्याकडे १९६५ मध्ये शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा म्हणून सांगितलं. तिकडच्या सरकारने १९६९ पासून बुधवार आणि शनिवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, हॉटेलांत भात विकायला बंदीच केली. शाळेत पोरांचे डबे उघडून तपासायचे, नुसता पांढरा भात तर नाही ना. मग लोक खाणार काय? नूडल्स. नुसतं फळीवर लाटून सुरीने कापायचं असल्यामुळे एक बाई, एक फळी, एक सुरी, एक पातेलं एवढ्यावर बाजारात बसू शकत होती. सोलच्या नामदेमुन बाजारात कालगुक्सूची अख्खी गल्ली आहे.

म्हणजे घरातला सणाचा पदार्थ गरजेने, जबरदस्तीने म्हणा, घराबाहेर पडला, बाजारात बसला आणि त्यामुळे जगला. आणि फिरत फिरत सांत इनेजला आला. आमचे शिरवाळे घरातून कधी बाहेर पडलेच नाहीत. गोव्यात शाकुती मिळते, काफ्रेआल मिळतं, बेबिंका तर विमानतळावर मिळतो. शिरवाळे कुठे मिळतात सांगा. कसे मिळतील, मुटका निवायच्या आत खाणारा समोर पाहिजे आणि करायला दोन माणसं पाहिजेत. आता आमच्या घरांत दोन माणसं एका वेळी स्वयंपाकघरात असतातच कुठे. आईने हे दुपारीच सांगितलं होतं, साखर ढवळताना, माझ्याकडे न बघता, "शिरवाळे एकट्यान होणत नाय. एकान दाबूचा, दुसऱ्यान धरूचा." बाबा जाऊन नऊ वर्षं झाली.

तसं दाबून काढायच्या नूडल्स त्यांच्याकडेही आहेत, बक्व्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या, उत्तरेकडच्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं एक चित्र सापडलं. चुलीवर मोठी कढई, कढईवर लाकडी दाब, आणि एक माणूस अख्खं अंग दांड्यावर टाकून दाबतोय, शेवया थेट उकळत्या पाण्यात. एवढी साधी युक्ती, झेलायला माणूसच नको. चित्र मोठं करून करून बघत होतो. दांडा, भोक, पाय. आमचाच.

आमचा म्हणजे, होता. हे इथे लिहून टाकतो. चार वर्षांपूर्वी डिचोलीच्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हा माळ्यावरचं सगळं खाली आलं, आणि जुन्या वस्तू घेणारा एक माणूस फिरत होता, हल्ली असे बरेच फिरतात, हॉटेलांच्या भिंतींवर टांगायला त्यांना असल्या गोष्टी लागतात. पितळी समई, दोन घंगाळं, आणि शेवगा. शेवग्याला वाळवी लागली होती एका पायाला. मी दिला. आईला सांगितलं नाही, आई तेव्हा ताईकडे होती. ती माळ्यावर चढू शकत नाही, तिला कळायचं काही कारण नव्हतं.

पण मी दुपारचं सांगत होतो. बिल मी दिलं, इमो दारापर्यंत आली, आईने तिच्या हातावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाली, "येतो हं." बाहेर पाऊस थांबला होता. गाडीपर्यंतचा एक किलोमीटर आम्ही हळूहळू चालत गेलो, आई मुलीचा दंड धरून, प्रत्येक खड्ड्याला थांबून. थेंबांचा असर उतरत होता बहुतेक, कारण तिने एका दुकानाची पाटी वाचून दाखवली.

गाडीत बसलो. मांडवीचा पूल ओलांडेपर्यंत कोणी बोललं नाही. मुलगी मागे झोपली. पर्वरीचा चढ लागला तेव्हा आईने काचेतून बाहेर बघत विचारलं,

"त्यो वाडगो केवढ्याक होतो?"

"चारशे वीस."

ती गप्प. मग बऱ्याच वेळाने, म्हापशाकडच्या गर्दीत आम्ही अडकलेलो असताना,

"आणि शेवगो केवढ्याक दिलंस?"

मी गिअर बदलला, जो बदलायची गरज नव्हती.

"बाराशे."

तिने पदराने चष्मा पुसला, हिशोब केला.

"म्हणजे तीन वाडगे सुद्धा नाय येवचे," ती म्हणाली.